दहावी जोडी

सातवीच्या वीस मुलांनी डोळ्यांवर काळ्या पट्ट्या बांधल्या. हिंदी मुलखातल्या अलीगंजच्या शाळेतला हॉल म्हणजे समुद्र आणि मुलं म्हणजे कोपेपॉड, पाण्यात तरंगणारे, तांदळाच्या कणीएवढे, जवळपास आंधळे जीव. भटकता भटकता कुणाचा हात लागला, की दोघांनी भिंतीशी जाऊन बसायचं आणि पट्टी काढायची. तीच जोडी वर्षभर एका बाकावर बसणार, प्रकल्प करणार.

“मैम, अपनी पसंद से नहीं?” ऋचानं विचारलं.

“जिसे दिखता नहीं, वह पसंद क्या करेगा?” त्यांची विज्ञान शिक्षिका शर्मिष्ठा म्हणाली.

हा खेळ तिनं लतिकासाठी निवडला होता. जुलैत वडिलांच्या बदलीमुळे मराठी भागातून आलेल्या लतिकाला वर्गानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “पूरा नाम?” तिनं आडनावासकट सांगितलं. तेव्हापासून तिच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नव्हतं. वीस मुलं, दहा जोड्या. आज कुणी उरणार नव्हतं. शर्मिष्ठानं दोनदा मोजलं होतं.

तिनं स्टॉपवॉच सुरू केलं. पहिली जोडी नऊ सेकंदांत जमली. हॉल मोकळा होत गेला तशा भेटी लांबत गेल्या, अगदी अपेक्षेप्रमाणे. नववी जोडी तीन मिनिटांनी बसली.

उरले विश्वजित आणि लतिका. दोघांत चार हातांचं अंतर.

“अबे, सामने वही है!” भिंतीकडून कुणीतरी ओरडलं. “बाएँ कट ले!”

विश्वजित वळला. हशा पिकला. लतिकाही हसली आणि सूचना आपल्यालाच आहे असं समजून डावीकडे वळली.

“पीछे, पीछे!”

विश्वजित मागे सरकत ऋचाच्या पायाला अडखळला. पट्टी ओढून तिथंच बसला. शर्मिष्ठाकडे पाहून त्यानं तीन बोटं दाखवली: ऋचाच्या जोडीत मी, आम्ही तिघं. तिनं उठायची खूण केली. त्यानं मान खाली घातली. बाकी कुणीही शर्मिष्ठाकडे पाहिलं नाही.

हॉल एकदम शांत झाला. लतिका मधोमध थांबली. मान कलती करून ऐकत राहिली. शाळेत ती कायम हिंदीच बोलायची, मराठी असलेल्या शर्मिष्ठाशीसुद्धा.

“मॅडम,” तिनं हळूच मराठीत विचारलं, “अजून कुणी उरलंय का?”

शर्मिष्ठाचा अंगठा स्टॉपवॉचच्या बटणावर होता. तो तिनं दाबला नाही.

“आहे,” ती म्हणाली.

लतिकानं दोन्ही हात पुन्हा पुढे केले आणि रिकाम्या हॉलमध्ये चालू लागली.