भवानीचा ग्लास

बारमालकाने नळ सोडून घोटभर बिअर ती बनवणाऱ्या बाईपुढे सरकवली.

"तुमचीच आहे, चाखा. गिऱ्हाईक सॅम्पल घेतं आणि तोंड वाकडं करतं. उद्यापासून दुसऱ्या कंपनीची लावतो."

तिने चाखली. आंबूस लागली. तिने बनवली तेव्हा अशी नव्हती.

"ही रात्रभर नळीत साचलेली. रोज उघडल्यावर पहिला ग्लास ओतून द्या."

"भवानीआधी माल मोरीत? आमच्यात चालत नाही, ताई."

"मग भवानी मी करते."

तिने गल्ल्यावर नोट ठेवली. त्याने ती कपाळाला लावली आणि ग्लास भरून दिला. तिने तो तसाच मोरीत ओतला.

"आता सॅम्पल काढा."

या वेळी आधी तोच प्यायला. तोंड वाकडं झालं नाही.

"पण रोज भवानीला कोण येणार?"

"मी."