बंद खोक्यातली गाज

लाट आली, फुटली आणि या वेळी वेळेवर थांबलीसुद्धा. चंदनने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. वैभववाडीच्या बाजारात त्याचं साउंडचं दुकान. हळदीला अख्खी वाडी हादरवणारे सबवूफर त्याने पुष्कळ बनवले होते, पण समुद्र पहिल्यांदाच बनवत होता. तोही एकाच गिऱ्हाइकासाठी. ते गिऱ्हाईक म्हणजे त्याची बायको, भक्ती. ती समोर खुर्चीत बसली होती.

भक्ती तारकर्लीची. समुद्राची गाज ऐकतच वाढलेली. घरी न विचारता तिने चंदनशी रजिस्टर लग्न केलं, त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून माहेरचं कुणी तिचा फोन उचलत नव्हतं. इथे घाटाच्या पायथ्याशी तिला काही कमी नव्हतं, फक्त गाज नव्हती. घर मुकं वाटतं म्हणायची. जेवता जेवता मधेच थांबून कानोसा घ्यायची, आणि ते बघून चंदनला घास गिळवत नसे.

म्हणून महिन्यापूर्वी तो बाइक काढून एकटाच तारकर्लीला गेला. परत आल्यावर म्हणाला, सासऱ्यांनी घरात घेतलं, चहा दिला, पोरगी बरी आहे ना म्हणून विचारलं, आणि घरामागच्या वाळूच्या पुळणीवर मोबाइलमध्ये समुद्राचा आवाज भरून घेऊ दिला. भक्ती खूप रडली. ती चहाची गोष्ट तिने त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतली.

मोबाइलवर ती गाज म्हणजे नुसती तळणाची चुरचुर. खालचा, पोटातला आवाज काढायचा तर सबवूफरच हवा. चंदनने पहिला खोका नेहमीसारखा केला, पुढे पाइपचं भोक ठेवून. आवाज दणदणीत, पण भोकातली हवा आपलाच एक सूर धरून घुमत राही. सगळ्या लाटा सारख्याच, एकीचा शेवट दुसरीत मिसळलेला. ही गाज नाही, हळद आहे, असं भक्ती म्हणाली तेव्हा दोघंही हसली होती.

मग तो ईर्ष्येला पेटला. दुसरा खोका जाड प्लायचा, चहूबाजूंनी बंद. आत आडव्या पट्ट्या ठोकल्या, उशीतला कापूस भरला. याचा दणका कमी होता. पण लाट संपली की आवाजही संपे आणि पुढची लाट वेगळी ऐकू येई.

भक्ती डोळे मिटून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर इतकी ओढ होती, की चंदनला बघवेना. पाच-सहा लाटा गेल्या. मग तिच्या कपाळाला आठी पडली. तिने उठून खोक्यावर तळहात ठेवला आणि आणखी एक लाट येऊ दिली.

"ह्यो आमचो समुद्र न्हय," ती म्हणाली. "आमच्याकडे पाणी वाळूर लोळता. ह्या कातळार आपटता."

इतका साफ आवाज काढायची अवदसा आपल्याला कुठून आठवली, असं चंदनला झालं. ती रागावली असती तर बरं, पण ती रागावली नव्हती. हळूच तिने विचारलं, बाबांनी चहा दिलाच नाही ना? चंदनने नाही म्हणून मान हलवली. मग खाली बघत त्याने सगळं सांगून टाकलं. सासऱ्यांनी अंगणाच्या दगडी गडग्यापाशीच अडवलं होतं. पुन्हा या वाटेला फिरकू नकोस म्हणाले, तसा तो पुळणीवर न जाताच गाडी वळवून निघाला. रिकाम्या हातांनी तिच्यासमोर यायला धीर होईना. मग देवगडच्या कातळावर बसून त्याने हा समुद्र भरून आणला.

खोक्यात देवगडच्या लाटा आपटत होत्या. भक्तीने त्या बंद केल्या, पदराने डोळे पुसले आणि बाइकची चावी आणून चंदनच्या हातात ठेवली.

"चल, माका घेवन चल. बाबान दार नाय उघडल्यान तरी चलात. समुद्राक खंय दार आसता?"