गाडीची काच

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात ऑनलाइन सेंटर चालवणाऱ्या धीरजला सकाळपासून आईचा हा तिसरा फोन होता. "गारपिटीच्या पाहणीवाले साहेब आपल्या वावराच्या कडेला आले अन् तसेच गेले. मी हात करत राह्यली, त्यायनं काचही खाली नाही केली. इथंच थांबतो बाप्पा, वापस आले तं?"

त्याने फोन ठेवला तोच ते पाहणीवाले साहेब मोबाइल घेऊन आत शिरले.

"धीरज, ॲपनं गारपिटीचा फोटो परत केला. गाडीच्या काचेतून काढला न, तं काचेत मीच दिसून राह्यलो. तुझ्याजवळ ते एआयवालं हाय म्हणते. काढ बरं मले त्यातून!"

धीरजने फोटो एआयमध्ये टाकला. साहेबांचा चष्मा, स्टिअरिंग, मांडीवरचा डबा हळूहळू विरत गेला आणि मागचा आडवा झालेला टमाट्याचा मळा लख्ख दिसू लागला. मधोमध, चिखलात, एक बाई हात वर करून उभी होती.

"मस्त! आता हे बाईही पुसून टाक. हात करून राह्यली म्हणजे मी उतरलो नाही, हे उघडच दिसते. अन् फोटो पास नाही झाला तं मदत तिलेच भेटनार नाही."

धीरजचा हात माउसवरच थांबला. फोन पुन्हा वाजू लागला. त्याने तो उचलला आणि साहेबांपुढे धरला.

"पुसतो, साहेब. पण आधी माह्या मायले सांगा, आता घरी जाय म्हणून. ते अजून तिथंच उभी हाय."