तिसरी लाईन

सोलापूरहून आलेला जेसीबी सावळवाडी स्टेशनामागच्या घरांसमोर उभा होता आणि म्हातारा रावजी त्याच्या पुढ्यात आडवा पडला होता.

"हितं नुसतं माळरान व्हतं," तो रेल्वेच्या इंजिनीअर अंकिताला म्हणाला. "आमच्या आज्यांनी रूळ टाकले, रुळाकडंला झोपड्या बांधल्या, तवा कुटं गाव झालं. आता तिसऱ्या लाईनीसाठी आमालाच उठवता? तू बी ह्याच गल्लीत वाढलीस की गं!"

"व्हय, काका. पण नवी घरं तयार हायेत. ह्या समद्यांना मिळणार."

"दुसऱ्याचं घर पडतंय, म्हणून सोपं वाटतंय तुला."

गर्दीत कुणीतरी दगड उचलला. पोलीस पुढे सरकले. जेसीबीवाल्यानं घाबरून विचारलं, "मॅडम, सुरुवात कुठून करू?"

अंकितानं गल्लीच्या टोकाचं निळं दार दाखवलं.

रावजी ताडकन उठून बसला. "अगं, आत तुझी आई हाय!"

ती एकटीच चालत गेली. तिनं कडी वाजवली. आतून तिच्या आईचा, मथुराबाईंचा आवाज आला, "कोण? मॅडम का अंकिता?"

अंकितानं डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

"अंकिता."

दार उघडलं. मथुराबाईंनी आधीच बांधून ठेवलेलं कपड्यांचं गाठोडं लेकीच्या हातात दिलं.

"धर. मॅडम असतीस, तर उघडलं नसतं मी."