पेलुसाचं नवं घर

शेवटचा पिंजरा रिकामा झाला, तेव्हा दुकानाबाहेर टाळ्या पडल्या.

इसाउरो गल्ल्यामागे तसाच उभा होता. मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराच्या बाजारात त्याने उभी हयात कुत्र्या-मांजरांची पिल्लं विकली होती. आजपासून शहरात तो गुन्हा ठरला होता. उरलेली पिल्लं पालिकेची माणसं गाडीत घालून घेऊन गेली. नुसतं माशांचं खाद्य विकून दुकान चालणार नव्हतं. आता कुलूपच लावायचं.

अंपारोबाई आत आल्या. या कायद्यासाठी कित्येक वर्षं याच दारासमोर घसा फोडून त्या ओरडल्या होत्या. आज आवाज अगदी मऊ होता.

"बसू का जरा?"

"बसा की. झालं ना मनासारखं? फोडा आता फटाके."

"तुमच्यावर माझा राग कधीच नव्हता, सेन्योर. धंदाच वाईट." त्यांचं लक्ष गल्ल्याखाली गेलं. "ही राहिली वाटतं?"

"ती विकायची नाही."

पेलुसा पांढऱ्या कुरळ्या केसांची पूडल होती. आईने टाकलेलं ते पिल्लू इसाउरोच्या बायकोने, ओतिलियाने, कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं होतं. गेल्या वर्षी ओतिलिया गेली. तेव्हापासून इसाउरो दिवसभर पेलुसाशीच बोलायचा. गिऱ्हाइकं हसायची.

"मग घरी नेणार ना हिला?"

इसाउरोने नकारार्थी मान हलवली. तो आता मुलीकडे राहायला जाणार होता, आणि मुलीच्या घरमालकाला कुत्रं चालत नव्हतं.

अंपारोबाईंनी चक्क फरशीवर बसकण मारली. पेलुसाचे दात पाहिले, पोटाखालून हलकेच हात फिरवला.

"नसबंदीचं ऑपरेशन केलंय हिचं?"

"नाही हो. ओतिलियाला धीरच झाला नाही."

"असू दे. आत्लिस्कोला माझं मोठं आवार आहे. झाडं आहेत, मोकळी हवा आहे. सोडवून आणलेली कुत्री तिथेच असतात. ठेवून घेऊ का?"

इसाउरोला भरून आलं. ज्या बाईला इतकी वर्षं शिव्या घातल्या, तिनेच आज विचारलं होतं. शेजारच्या एकाही दुकानदाराला ते सुचलं नव्हतं.

"सकाळी तिला गरम तोर्तियाचा तुकडा लागतो," तो म्हणाला. "आणि ढग गडगडले की घाबरते. जवळ घ्यावं लागतं."

"घेईन."

पेलुसा गाडीच्या काचेतून मागे बघत राहिली. इसाउरो आत जाऊन रिकाम्या पिंजऱ्याला धरून रडला.

पुढे तो अधूनमधून फोन करायचा. "मजेत आहे," अंपारोबाई सांगायच्या. "पण इतक्यात येऊ नका हं. तुम्हाला बघून पुन्हा सैरभैर होईल बिचारी." तेवढ्यावर त्याचा आठवडा सुखात जायचा.

दीडेक वर्षाने घरमालक वारला. त्याचा मुलगा म्हणाला, "आणा की कुत्रं, काका. माझी काही हरकत नाही." इसाउरोने एक लाल पट्टा विकत घेतला आणि आत्लिस्कोची बस धरली.

अंपारोबाईंनी बाहेर येऊन फाटक ओढून घेतलं. भिंतीआड कुत्री भुंकत होती. बाहेरच्या बाकावर त्यांनी त्याला कॉफी दिली.

"उशीर केलात हो. पेलुसाला घर मिळालं. वेराक्रुसला, समुद्राजवळ. दोन लहान मुली आहेत, त्यांच्या कुशीत झोपते."

इसाउरोने हातातला पट्टा घट्ट धरला. "त्यांचा पत्ता द्या. एकदा लांबून बघेन."

"तसा पत्ता नाही देता येत."

"मग परत मिळवून द्या, बाई. पैसे देतो. मागाल तेवढे देतो."

"कुत्री विकणं-घेणं थांबावं म्हणून मी रस्त्यावर उभी राहिले. आणि तुम्ही माझ्याच दारात येऊन भाव करता?"

तो ओशाळला. माफी मागितली, त्यांचे हात हातात घेऊन आभार मानले. समुद्र पेलुसाने कधी पाहिला नव्हता. बरंच झालं, असं मनाला समजावत तो बस थांब्यावर आला. तिथे एक बाई तमाले, मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, विकत बसली होती. त्याने एक मागितला.

"पिल्लू नाही मिळालं वाटतं?" तिने पट्ट्याकडे बघत विचारलं.

"कसलं पिल्लू?"

"फोन करून यायचं असतं, दादा. पिल्लांनी डोळे उघडायच्या आत बोलून ठेवतात लोक. शहरातली दुकानं बंद झाल्यापासून अंपारोबाईंकडे गाड्यांची नुसती रीघ असते." तिने वाफाळता तमाल कागदात गुंडाळला. "त्यातून ती पांढरी कुरळी मादी गेल्या आठवड्यात बाळंत होतानाच गेली. वेतावर वेत, अंग कुठवर साथ देणार? पण तुम्ही जरा धीर धरा. बाई हल्ली पलीकडच्या शहरात मोर्चे काढतायत. तिथेही कायदा झाला की येतीलच नव्या माद्या."