घरचं मशीन

उमैमाचं बीपी घरी वाढतं आणि माझ्या दवाखान्यात आलं की नॉर्मल होतं, हे कोडं मला सुटत नव्हतं. डॉक्टरला बघून बीपी वाढणारे पेशंट आमच्या कशेळे गावात रोज येतात; हे उलटंच होतं. मुलगी बारावीची, मेडिकलच्या परीक्षेची तयारी करणारी. तिच्या वडिलांनी, सुलेमानभाईंनी, करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. आधी तिचा चहा बंद केला, मग जागरण, मग मोबाइल, शेवटी ताटातला पापड आणि सुकी मासळीसुद्धा. तरी घरचा आकडा खाली येईना.

"मशीन बिघडलं असेल," मी म्हटलं.

"नाय डॉक्टर. हिच्या अम्मीचं त्याच्यावर बरोबर येतं."

शेवटी मी त्यांना मशीन घेऊनच बोलावलं. आधी मी मोजलं, त्यांच्याच मशीनवर. एकशे अठरा आलं. सुलेमानभाई गोंधळून माझ्याकडे बघत राहिले, आणि मी त्यांच्याकडे.

"आता तुम्ही मोजा," मी म्हटलं, "घरी मोजता तसंच."

त्यांनी लेकीच्या दंडाला पट्टा बांधला, बटण दाबलं आणि पट्टा फुगत असताना रोजच्या सवयीनं, अगदी मायेनं विचारलं, "कालच्या टेस्टला किती मार्क पडले गं?"

आकडा एकशे बेचाळीसवर थांबला.

सुलेमानभाईंचा जीव भांड्यात पडला.

"बघा डॉक्टर, मशीन बरोबर हाय."