सातव्या प्रकरणातली आत्या

"मेलेली आत्या जेवायला येते आणि कुणी दचकत नाही? अशक्य!" संजीवने सातवं प्रकरण टेबलावर आपटलं. "किंचाळणं नाही, पळापळ नाही. उलट सरकून जागा काय देतात, सूप काय वाढतात! कोण विश्वास ठेवेल गं?"

इरावतीचा चेहरा पडला. बार्सिलोनाकडे असल्या कादंबऱ्या भुताखेतांच्या गोष्टी म्हणून नाही, चांगलं साहित्य म्हणून वाचतात. नेदरलँड्समध्ये लायडनला शिकताना ती बार्सिलोनाची कॅटलान भाषा शिकली होती. दोन वर्षं खपून तिने ही कादंबरी मराठीत आणली होती, आणि त्यातही तिचा सगळा जीव या आत्यावर होता. पण पुण्याच्या संपादकांनी अट घातली होती: घरातल्याच एखाद्या साध्या वाचकाला विचारा, त्याला पटलं नाही तर सातवं प्रकरण गाळू. पुस्तक उद्या छापायला जाणार होतं.

आता घरातला साधा वाचक कोण, तर आइंडहोवनला चिप बनवायच्या यंत्रांवर काम करणारा हा गृहस्थ! केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूक त्याला दिसते. बायकोचा पडलेला चेहरा तेवढा दिसत नाही.

"बरं, ते नंतर बघू," तो घड्याळ बघत म्हणाला. "मुहूर्त टळेल. गौरी आत आणायच्यात ना?"

इरावतीने पदर खोचला आणि मुखवट्यांचं ताट उचललं. दारापासून हळदीकुंकवाची पावलं काढलेली होती. संजीव घंटा वाजवत पुढे झाला. रीतीप्रमाणे गौरींना आधी सगळं घर दाखवायचं. "हे स्वयंपाकघर," तो म्हणाला. "हा डिशवॉशर." आरास वरच्या खोलीत होती. जिन्यापाशी त्याने घंटा थांबवली, मागे वळला आणि काळजीने म्हणाला, "सावकाश हं. जिना फार उभा आहे. कठडा धरून या."

"मला म्हणतोयस?" इरावतीने विचारलं.

"तुला कशाला? तू रोज चढतेस. यांना सांगतोय. पहिल्यांदाच येतायत ना या घरात!"

इरावतीला इतकं हसू आलं की ताट सांभाळणं मुश्कील झालं. गौरी जागेवर बसल्या, आणि तिने लगेच संपादकांना निरोप धाडला: "सातवं प्रकरण राहू द्या. साध्या वाचकाला पटलंय. त्याचं त्याला अजून कळलेलं नाही, इतकंच."